रुमालाखाली भाव

पस्तीस वर्षं मी हळद पाहतो आहे, वसमतच्या मोंढ्यात.
कांडी कानाजवळ मोडायची. टक्क वाजली तर वाळलेली,
वाकली तर ओल.
मग नखानं खरवडून आतला रंग, मग नाक,
आणि शेवटी, कुणी बघत नसताना, जीभ.

लेक तुलूजहून आली.
लोकरी स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली:
बोर्दो, लाल, दोन वर्षांची.
"अप्पा, फार भारी नाही हं,"
अवंतिका आधीच सांगून मोकळी,
जसं पोत्याचं तोंड सोडायच्या आधीच
कुणी म्हणतं, यंदा जरा बारीक निघाली.

मी म्हटलं, किंमत सांगू नकोस.
माल आधी, भाव नंतर.

वैशाख. गच्ची. वारा पडलेला.
बाटली तासभर माठाजवळ ओल्या फडक्यात निजवली होती.
पेले आहेरातले, सरबताचे, सहातले उरलेले चार.
मन्मथ बारोळे तोलारी,
इलियास मुनीम, जे पीत नाहीत:
"मी लिहितो, तुम्ही प्या."

बल्बासमोर धरली. जांभळट,
कडेला अजून निळी झाक.
म्हणजे नवी. अंधारात पुरती झोपलेली नाही.

वास: पेन्सिलीला नुकतं टोक काढलेलं.
जांभूळ.
आणि मागून, थांबून,
ढोबळी मिरची चिरल्यासारखं काही हिरवं.
लेक चमकली. "तिकडेही हेच म्हणतात!"
इलियासभाईंनी पेला नाकापाशी नेला, खाली ठेवला,
लिहिलं: मिरची. मान्य.

पहिला घोट.
आंबट पुढं धावत आलं,
मग हिरड्यांवर कात बसला,
जीभ टाळूला चिकटली ती निघेना.
"तोंड धरायलंय की हे, मालक,"
मन्मथ म्हणाला, "कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी."
लेक म्हणाली, चव किती वेळ राहते ते मोजायचं असतं.
मी मोजलं. बारापर्यंत.
मन्मथचं सातालाच संपलं, पण त्यानं तंबाखू खाल्ला होता.

रत्नप्रभा धपाटे घेऊन वर आली,
वर लोण्याचा गोळा, बाजूला कारळाची चटणी.
माझ्याच पेल्यातला एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं,
धपाट्याचा घास खाल्ला, पुन्हा एक घोट.
"एकटी नीट राहत नाही ही.
सोबत काही असलं की बरी वागते."
लेक चटणी कालवत राहिली.
आम्ही सगळ्यांनीच मग लोण्यासोबत पिऊन पाहिलं.
खरं होतं.

आता मोंढ्यात लिलाव संगणकावर होतो.
पण हात विसरत नाहीत.
खांद्यावरचा रुमाल काढला, हातांवर टाकला.
मन्मथनं तीन बोटं दाबली: तीन हजार.
विदेशी चिठ्ठीला भुलला गडी.
मी त्याला दीड हजार दाबले.
मग लेकीला म्हटलं, आता तू खरा भाव सांग, बोलायचं नाही.
तिनं आधी पाच बोटं धरली, मग चार.
नऊ युरो.
इलियासभाईंनी गुणाकार केला.
बोटं तिची खरखरीत झालीत,
भांड्यांच्या साबणानं, नखाच्या कडेला चिरा.
हेही रुमालाखालीच कळलं.
त्याचा भाव कुणी विचारला नाही.

निकाल वहीत असा:
माल खरा. पॉलिश नाही, भेसळ नाही.
तुरटपणा जास्त, वयाचा आहे, जाईल.
नऊला स्वस्त.
उद्या परत पाहणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली काढली, चार बोटं उरलेली.
बुचाच्या एका टोकाला लाल डाग,
दुसरीकडे माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
कात बसला होता खाली कुठंतरी.
जांभूळ रात्रीत पिकलं होतं.
हे सांगायला खालून हाक मारणार होतो,
तर वर ती फोनवर
कुणाशी तरी त्या भाषेत हसत होती,
एवढं मोठ्यानं ती घरात हसल्याचं आठवेना.

उरलेला पेला बशीनं झाकला.
रुमाल तिथंच, कठड्यावर.