सांस्कृतिक थांबा, चाळीस मिनिटं

तुरिया गेटवरून साडेदहाला निघालो.
मागे दोघं. शीटवर नाव : लिंडक्विस्ट, अधिक एक.
पेंचचा वाघ दिसला त्यांना, पाण्यात बसलेला.
ताडोब्याचा उद्या दिसायचा आहे.
मधे नागपूर.
मधे मी.

शीटवर ओळी चार :
पिकअप.
पाण्याच्या बाटल्या, सीलबंद, दोन.
सांस्कृतिक थांबा, हातमाग, चाळीस मिनिटं.
ड्रॉप, कोलारा गेट.

मनसर गेलं, कन्हानचा पूल गेला,
कामठीत बाईंची मान काचेला टेकली.
साहेब आरशातून म्हणाले, नो स्टॉप, प्लीज.
मी म्हटलं, ओके सर.

पण फोन मी देवलापारलाच करून बसलो होतो.
तांडापेठेत आता चहा उकळत असणार,
यादवराव निखाऱ्यांनी मागावरची चादर काढली असणार,
सुभद्राकाकूंनी आवाराला पाणी मारलं असणार,
पाहुण्यांचे बूट धुळीत नको म्हणून.

गाडी लिंबाखाली लावली. एसी चालू ठेवला.
सर, टू मिनिट, टायर एअर.
साहेब झोपेतच हो म्हणाले.
कोपऱ्यावरच्या पोराला म्हटलं, लक्ष ठेव बे.

काकूंनी माझ्या मागं पाहिलं, मग त्याच्याही मागं.
"एकटाच आला का?"
"झोपले."
"मंग तू बस. चहा का फेकू का आता?"

खड्ड्यात पाय सोडून यादवराव बसलेले.
तीन वर्षांपासून मागावर हे एकच लुगडं आहे.
एक गाडी आली की चार बोटं विणतात,
गाडी गेली की चादर टाकतात.
बोट फिरवून दाखवतात कुणालाही :
ही पट्टी पुण्याची, तेव्हा लाइट गेली होती.
ही जपानची, बाई रडली, कशाला ते कळलं नाही.
ही घट्ट जागा दिवाळीची, पाच गाड्या आल्या.
आणि हा विरळ पट्टा, इथं वर्षभर कुणीच नाही,
हात सुटू नये म्हणून काकू बसल्या होत्या.

"आज कोणाचं नाव टाकू?"
मी काही बोललो नाही.
ते वर आले. मी खाली उतरलो.

आमचा माग बाबांनी विकला तेव्हा मी नववीत होतो,
भंगारवाल्यानं फणी वेगळी तोलली होती.
त्यानंतर या पायांनी क्लच ओळखला, ब्रेक ओळखला.
पावडी दाबली तर डावा पाय आधी गेला, आपोआप,
धोटा मात्र दुसऱ्याच फेकीला खाली पडला.
यादवराव हसले नाहीत.
"पडू दे. उचल."

किती वेळ झाला माहीत नाही.
तीन बोटं झाली असतील, मधे एक धागा तुटला,
गाठ मारली, ती दिसते.
काकू म्हणाल्या, राहू दे, उलगडू नको,
नेसताना ती निऱ्यांत जाते.
हे लुगडं कोण नेसणार, ते मी विचारलं नाही.

कंपनीला फोटो लागतो, गेस्ट विथ आर्टिसन.
मी रिकाम्या पाटाचा पाठवला. शेजारी कपबशी.

परत आलो तर दोघं तसेच.
पोरानं बोनेटवर बोटानं स्वतःचं नाव लिहिलं होतं, अर्धं.
उमरेड रोड, भिवापूरच्या मिरच्यांचा ठसका,
बाई शिंकून जागी झाली आणि हसली.
चिमूरनंतर जंगल लागलं, मी आवाज कमी केला.

कोलाऱ्याला फॉर्म पुढं केला.
साहेबांनी एका दमात सगळ्या ओळींवर
पाच-पाच तारे काढले.
सांस्कृतिक थांब्यापुढं पण.
रिमार्कमध्ये लिहिलं, व्हेरी पीसफुल.

रिकामी गाडी घेऊन परतताना काकूंचा फोन.
"आता कधी?"
"गुरुवारी. चौघं आहेत."
"उतरतील ना?"
स्टिअरिंगवर अंगठ्याशी एक लाल धागा चिकटला होता.
म्हटलं, कांड्या भरून ठेवा.