वळसा

टेबलावर तीन देश पसरलेत.
एका कोपऱ्यावर वाटाण्याचा डबा, एकावर माझा चष्मा,
एकावर तिच्या गोळ्यांची डबी,
चौथा कोपरा पंख्यानं फडफडतो आहे.
नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस. रात्रीचे साडेदहा.

अडतीस वर्षं बेलापूरच्या कचेरीत
मी दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या रेषा आखल्या.
स्वतः गेलो तो हंपीला, आणि एकदा
साडूच्या गाडीतून द्वारकेपर्यंत.
पासपोर्टावरच्या फोटोत मी
कुणीतरी पकडून आणल्यासारखा दिसतो.

बाकू ते येरेवान. पट्टी लावली.
एकास एक कोटी, साडेचार सेंटिमीटर.
सरळ रेघ. अंगठ्याखाली झाकली जाते.
मुलगी फोनवर हसली : बाबा, तसं जाता येत नाही.
सीमा बंद आहे, त्या दोघांचं बोलणं नाही.
आधी तिबिलिसीला जायचं,
मग तिथून रात्रीच्या गाडीनं खाली.

"पदाजी नि काळुरामासारखं,"
सुगंधा सुरीनं दुधीची साल काढत म्हणाली.
तिचे भाऊ. करावे गावात
साडेबारा टक्क्यांच्या एकाच प्लॉटवर दोन घरं,
मध्ये जिना होता, तिथे आता भिंत आहे.
याच्याकडचं कालवण त्याच्याकडे जातं
ते आमच्या फ्रिजमधून, आमच्या डब्यात,
आणि कुणी विचारलं तर सुगंधानं केलेलं असतं.
"म्हणजे तिबिलिसी मीच की," ती म्हणाली,
आणि दुधीकडे बघून बराच वेळ हसत राहिली.

मग हसणं थांबवून विचारलं :
"ही रेघ कुणी मारली?"

मी म्हणालो, मोठी गोष्ट आहे, बरीच जुनी.
ती काही बोलली नाही.
तिच्या बापाच्या खाजणावरून गेलेली रेघ
माझ्या हातची होती, काळी शाई, शून्य पॉइंट तीनचं पेन.
आम्ही मोजणीला गेलो तेव्हा
गोमा भोईरांनी आमच्या खुंट्या उपटून खाडीत फेकल्या होत्या.
पुढे त्यांचाच जावई झालो.
त्या खुंट्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही;
फक्त दर दिवाळीला मला पाट देताना
तो जरा तिरका मांडायचे.

तर निघायचं पितृपक्षात.
शुभ नाही म्हणतात, म्हणून की काय, तिकीट स्वस्त आहे.
बाकूत चार दिवस. तिथे समुद्र आहे,
मी नकाशावर बोट ठेवलं.
"भरती किती वाजता?"
भरती नाही, म्हणालो. चारी बाजूंनी बंद आहे तो.
खाडीकाठची बाई ती,
पंचमीला पाणी कुठवर येईल ते झोपेतही सांगेल.
"भरती नाय तर होडी कवा काढतात?"
मला ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही,
पण दुधी चिरायचा थांबला.

मी तक्ता केला. दिवस, गाव, मुक्काम, पैसे,
शाकाहारी कुठे, औषधं कुठली.
तिसरा दिवस रिकामा राहिला, बाकू, काहीच नाही.
किल्ला टाकू का? संग्रहालय?
"असू दे मोकळा. दशमी आहे. बापाची तिथी.
घास ठेवीन त्या बिनभरतीच्या काठाला."
मग हळूच : "तिथं कावळे असतात?"

अर्धा तास शोधलं.
असतात. राखाडी अंग, काळं डोकं,
आपल्यापेक्षा जरा जाड.
तिला फोटो दाखवला. तिनं हात पुसून
फोन जवळ घेतला, दोन बोटांनी मोठा केला.
"खाईल," म्हणाली.

स्वयंपाकघरातून भाजलेल्या सुक्या जवळ्याचा वास येऊ लागला.
ती पिशवीत भरून, हवा काढून,
तिच्यावर गरम सुरी फिरवत होती,
विमानतळावर काय म्हणतील ते न विचारता.

तक्त्यात खाली दोन ओळी वाढवल्या :
कावळे – आहेत.
जवळा – विचारणे.