एकतिसाव्या किलोमीटरचा वळसा

चर्चच्या पांढऱ्या भिंतीपाशी टायरमधली हवा थोडी सोडा.
डांबरावर तोरा मिरवणारं टायर इथल्या मुरमात
पहिल्याच उतारावर तोंडघशी पाडतं.
पाणी दोन बाटल्या. जूनमध्ये तीन.
सावलीचा हिशेब घरूनच करून निघा,
अलेंतेझुत ती उसनी मिळत नाही.

पहिले नऊ किलोमीटर द्राक्षांचे.
मांडव नाही, तारा नाही,
गुडघ्याएवढ्या वेली आपापल्या खुंटावर उभ्या.
मधून तांबडी वाट, ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांची.
डावी धरा. उजवीत सशांनी बिळं केलीत.
हल्ली तोडणीला नेपाळहून पोरं येतात,
ती हात करतात. तुम्हीही करा.

पुढे बुचाचे ओक.
साल काढलेली खोडं विटकरी, नुकती न्हाल्यासारखी,
त्यांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा.
४ म्हणजे चोवीस साली सोललं.
आता नऊ वर्षं कुणी हात लावणार नाही.
झाडांना एवढी तरी सवलत आहे.

सतराव्यावर फाटक. उघडा, पार व्हा, लावा.
मेंढ्या तुमच्या नाहीत, पण पळाल्या की फोन मला येतो.
कुत्र्याचं नाव बारोन.
नावाने हाक मारली की ओशाळतो.

चोविसाव्यावर ओढा,
जो नोव्हेंबरपर्यंत फक्त नकाशात वाहतो.

आता एकतिसावा.
इथे माझी रेघ टेकाडाखाली उतरते,
एका घराला शिवते, आणि त्याच वाटेने परत चढते.
चार किलोमीटर, एकशेदहा मीटरचा चढ, सगळा सुटा दगड.
सगळे विचारतात. परवा एक डच इंजिनियर
घाम पुसत म्हणाला,
सरळ गेलं तरी तेच गाव लागतं, एलिझेऊ,
चूक दुरुस्त करा.
मी म्हटलं, तिथली खडी चांगली आहे.

खडी चांगली नाही.

अठ्ठावीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं,
एका गिअरच्या, खडखडत्या मडगार्डच्या सायकलवर.
तेव्हा खडी ही खडी होती, हौस नव्हती.
त्या घरात फेलिझ्मिना. नवरा फ्रान्सला, क्लेर्माँत,
टायरच्या कारखान्यात.
महिन्याला एक पाकीट, कोपऱ्यावर काळा अंगठा.
मग दोन महिन्यांनी एक.
मग नाताळला.
मग नाही.

नियम असा, की टपाल नसेल तर वळायचं नाही.
ती फाटकाशी उभी असायची, वरूनही दिसायची,
एवढुशी.
मी वळायचो.
"आज नाही" एवढं सांगायला चार किलोमीटर.
ती म्हणायची, बरं. पाणी द्यायची,
नोव्हेंबरात, सेंट मार्टिनला रांजणाची तोटी उघडली
की गढूळ, कोवळी वाइन, अर्धा पेला.
"नाही" हेसुद्धा कुणीतरी आणून द्यावं लागतं.

माझी बायको म्हणायची,
तुझ्याच सायकलच्या चेनला एवढं तेल कसं लागतं?

आता फेलिझ्मिना एक्क्याऐंशीची.
तुम्ही पोचाल तेव्हा फाटकाशी असेल.
हेल्मेट, काळे चश्मे, पोटऱ्यांवर धूळ,
तिला तुम्ही सगळे सारखेच दिसता.
ती विचारेल, काही आहे का?
गंमत करते की खरंच विचारते,
मला अजून कळलेलं नाही.
पोर्तुगीज येत नसेल तरी दोन शब्द पाठ करा:
ओझ् नाऊं. आज नाही.
ते नीट, थांबून म्हणा. सायकलवरून उतरून.

ती पाणी देईल.
मग अंगठ्याने तुमचं टायर दाबून पाहील,
आणि म्हणेल, हवा कमी आहे.

कमीच असते. मीच सोडायला सांगितलेली.
वाद घालू नका.

चढताना खोगिरावर बसून राहा,
उभं राहिलात की मागचं चाक घसरतं.
वर आल्यावर मागे बघायचं असेल तर बघा.
पुढे नऊ किलोमीटर, बहुतेक उतार.