सरस

क्लनच्या वरच्या अंगाला, मार्चचा गारठा.
तबेल्याच्या दारात ग्वेन्डा प्रॉसर,
अंगात कातडी एप्रन,
पण दातांत नेहमीचे खिळे नाहीत.
आज आणलेच नाहीत, म्हणाली.

टॅन्सीचा डावा पुढचा पाय
तिनं गुडघ्यांत धरला आणि मला खूर दाखवला:
कडा शिळ्या खारीसारख्या झडलेल्या,
एका जुन्या भोकातून दुसऱ्या जुन्या भोकात
चालत गेलेल्या भेगा.
दोनदा नाल निखळली, दोन्ही वेळा
खुराचा तुकडा सोबत घेऊन गेली.
आता नवा खिळा मारायचा तर जागाच नाही.
घोडं पेंड खातंय ते इथं, मी मनात म्हटलं,
आणि हे हिला इंग्रजीत कसं सांगावं
याचा विचार करत राहिले.

आधी कानस. मग तारेचा ब्रश.
मग गरम हवेचं यंत्र,
खूर पापडासारखा कोरडा होईस्तोवर.
ओल राहिली तर आतल्या आत सडतं, ती म्हणाली,
आणि तळव्याच्या कडेला
मोरचूद मिसळलेला लगदा दाबून बसवला.
मग अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाल,
तिच्यावर दोन नळ्यांतून एकत्र येणारी चिकट धार.
टाचांना मात्र धार लावली नाही.
पाऊल पडतं तेव्हा टाच जराशी फाकते,
तिला फाकू दे.

मग पाच मिनिटं कुणी हलायचं नाही.
टॅन्सीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी पाय धरून उभी.
घोडीचा एक पाय म्हणजे
झोपलेल्या पोराइतकं ओझं.
खूर हाताखाली कोमट व्हायला लागला,
आणि त्या उग्र, नेलपॉलिशसारख्या वासातून
दुसराच एक वास वर आला.

वाईत वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमागे
पत्र्याच्या डब्यात सरस उकळायचा.
गल्ली नाक धरून जायची.
मी नऊ वर्षांची. कशापासून करतात हो हा?
हाडं, कातडी, खुरं, ते म्हणाले,
रंध्यावरून नजर न काढता.
त्यानंतर आठवडाभर मी
घरातल्या एकाही खुर्चीवर बसले नाही.
खिळ्यानं लाकूड फाटतं, ते म्हणायचे,
सरसाला फक्त थांबता यायला हवं.

खुरांतून निघालेला तो,
आणि आज खुराला जोडणारा हा.
नातं लागत नाही, हा कारखान्यातला आहे.
तरी मला उगाचच वाटलं,
कुणीतरी जुनी उधारी फेडतंय.

सहा आठवड्यांनी नाल काढली
तेव्हा एका कोपऱ्यात करडं, मऊ, घाण वासाचं निघालं,
आणि डिंकाबरोबर खुराचा केसभर पापुद्राही.
ग्वेन्डानं लपवलं नाही.
हे औषध नाही, म्हणाली, ही उसनी भिंत आहे.
खरी तिची तिलाच बांधायची आहे.
कोरडं अंथरूण, साखर कमी असलेलं गवत,
मध्ये तीन आठवडे अनवाणी.
मग पुन्हा चिकटवू. मग पुन्हा बघू.

मी तबेल्याच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करू लागले.
केसांच्या रेषेखालून
एक गुळगुळीत, काळसर पट्टा उतरत होता,
महिन्याला तीन सूत.
मिलिमीटरमध्ये लिहायचं सुचलंच नाही.

जूनमध्ये तिनं माझ्या अंगठ्यावर पाय दिला.
नख काळं पडलं, मग मोज्यात गळून आलं.
आता आम्ही दोघी वाढवतोय;
ती बरीच पुढे आहे.

ऑगस्टात शेवटचं जुनं भोक जमिनीला टेकलं
आणि कानशीखाली भुगा होऊन गेलं.
ग्वेन्डा चौकटीसमोर थांबली.
हे काय लिहिलंय सगळीकडे?
सूत, मी म्हटलं. इंचाचा आठवा भाग.
दोऱ्यालाही तेच म्हणतात.
तिनं शब्द उच्चारून पाहिला, त थोडा ट झाला.
आणखी एक अर्थ आहे, मी म्हणणार होते,
दोघांचं जुळतं तेव्हाचा,
पण तोवर टॅन्सीनं पाय ओढून घेतला
आणि खडीवर, नालेशिवाय,
दोन पावलं टाकून
तिसऱ्याला थबकली.