शंभर-शंभर करून

बायडाआत्या मेढ्याहून आली होती,
तिला काहीतरी दाखवायचं म्हणून
मार्केट बंद असतं त्या रविवारी
पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला
आणि आम्ही कोपरखैरण्याहून नेरुळला निघालो,
जगातली आश्चर्यं बघायला.

बसची दांडी धरवत नव्हती.
आत्यानं डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता,
तो वाशीच्या सिग्नलला वाळला.
सकाळी निघायला हवं होतं, आई म्हणाली.
हे ती दिवसभरात सहा वेळा म्हणाली.
सकाळी पुऱ्या तळत कोण बसलं होतं
ते कोणीच काढलं नाही.

बागेत ताजमहाल होता,
पप्पांपेक्षा थोडा उंच.
आत्यानं हात लावला आणि झटकन मागे घेतला,
तवा तापलाय का बघतात तसा.
आत कुणाला पुरलंय?
कुणाला नाही अक्का, ही नक्कल आहे.
मग नक्कल कशाला उभी केली रे एवढ्या उन्हात,
ती म्हणाली,
आणि त्याच्या सावलीत बसायला गेली.
सावली तिच्या गुडघ्यापर्यंतच होती.

हर्षदला घसरगुंडी हवी होती.
पप्पांनी आधी तळहात टेकवला,
पन्नास किलोच्या गोण्या उचलून
ज्याला आता सुई टोचलेली कळत नाही तो.
चार मोजेपर्यंत ठेवला.
मग काही न बोलता पाण्याची बाटली उघडली
आणि वरपासून खालपर्यंत
पिण्याचं सगळं पाणी
घसरगुंडीवर ओतलं.

हर्षद एकदा घसरला.
खाली पोचेपर्यंत पत्रा कोरडा.
आईनं रिकाम्या बाटलीकडे पाहिलं,
पप्पांकडे नाही.

गेटबाहेर आत्याला गरगरलं.
दुकानं दुपारची बंद, झाडं नुसती खांबासारखी.
समोर एटीएम होतं.
पप्पांनी खांद्यानं दार ढकललं
आणि आम्ही पाचही जण आत शिरलो.

आत थंडी होती.
माझ्या घामाला काय करावं कळेना.
आत्या फरशीवर टाकलेल्या चिठ्ठ्यांमध्ये बसली
आणि तिनं गाल भिंतीला लावला.
काचेबाहेर वॉचमन, प्लास्टिकची खुर्ची,
पायांपुरती सावली.
तो आत बघत होता.

पप्पांना उगाच उभं राहणं जमत नाही.
त्यांनी कार्ड घातलं, शंभर काढले.
आणखी व्यवहार करायचा आहे का?
होय.
पुन्हा शंभर.
मशीन आत कुठेतरी नोटा मोजत बसलं
की आम्हाला तेवढी मिनिटं हक्काची वाटायची.

तिसऱ्या वेळी वॉचमननं दार उघडलं.
झालं का?
एकदाच अजून, पप्पा म्हणाले.
त्यानं आत्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.
राहू द्या, म्हणाला,
दार फक्त थोडं उघडं ठेवा,
मलाही लागेल.

मग हर्षद दारात पाय अडकवून उभा राहिला.
आईनं पुऱ्यांचा डबा काढला,
फटीतून दोन पुऱ्या आणि लोणचं बाहेर दिलं,
फटीतून त्याची बाटली आत आली.
पाणी कोमट होतं.
आत्या आधी प्यायली.

पाच नोटा झाल्या.
सहाव्या वेळी पैसे कापतात,
ते पप्पांना पाठ होतं.
शेवटची चिठ्ठी मी उचलली:
तीन हजार तीनशे चाळीस.
आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली,
पण वाचून झाली होती.
घरात किती आहेत
हे मला त्या दिवशी कळलं,
आणि नंतर मी शाळेच्या सहलीचा कागद
कोणाला दाखवला नाही.

आत्या अजून सांगते मेढ्याला,
नव्या मुंबईत काय पाहिलंस विचारलं की.
ताजमहाल तिला आठवत नाही.
एक काचेची खोली होती म्हणते,
दादा भिंतीतून नोटा काढायचा
आणि माझ्या कपाळाला लावायचा,
गार असायच्या.

पप्पांनी असं केल्याचं मला आठवत नाही.
त्यांना विचारलं,
तर म्हणाले, अक्काला ऊन लागलं होतं.