किती पडले

शुक्रवारची सकाळ. सोहारचा हा रस्ता
दुकानांची शटरं ओढून पडून आहे.
मारिसेल रात्रपाळीहून येऊन झोपलीय,
म्हणून पानं हळू उलटते.
काल ड्यूटीनंतर पाचवी सराव परीक्षा दिली.
तीनशे सात.

गडहिंग्लजहून दादाचा फोन : किती पडले?
आपल्याकडे मार्क मिळत नाहीत, पडतात,
जणू वर कुणी बसून टाकतंय
आणि आपण नुसती ओंजळ धरायची.
इथे वरून काही पडत नाही, दादा.
धूळ तेवढी येते, तीही आडवी.
प्यायचं पाणीसुद्धा आम्ही समुद्राकडून
दाब देऊन काढून घेतो
आणि थेंबाथेंबाची नोंद ठेवतो.

ती नोंद हीच माझी नोकरी, सात वर्षं.
दर दोन तासांनी बाटली भरायची,
कांडी बुडवायची, आकडा लिहायचा.
नवी असताना एकदा खारटपणा एकदम चढला.
धावत गेले सालिम अल-बलुशींकडे,
सगळा प्लांट बंद करा म्हणून.
ते चहा पीत होते.
बौर्णिमा, म्हणाले
(प त्यांच्या ओठांवर कधी बसला नाही),
आधी बाटली धुतली होतीस का?
आणि मी दाराशी पोचल्यावर :
एका नमुन्यावर भिऊ नकोस. नाचूही नकोस.

तीनशे एक, तीनशे नऊ, चार, बारा, आता सात.
बाराच्या दिवशी मी नाचले होते.
डब्यातला आमरस आणला, मारिसेलला वाटीभर दिला,
ती म्हणाली, हे औषध आहे का?

आज बाटली धुतेय.
जुन्या नोंदवहीची पाठकोरी पानं,
शेवटच्या दोन परीक्षांच्या सदतीस चुका,
तीन रकाने.
येत नव्हतं : सतरा.
त्याचं फार दुःख नाही. संभाव्यता हा शाळेत शेवटचा धडा,
आणि शेवटचा धडा दरवर्षी राहायचा.
पिशवीतला लाल चेंडू काढल्यावर परत ठेवायचा की नाही,
कुणी सांगितलंच नाही.
घाई केली : सात. सगळ्या शेवटच्या पाच मिनिटांतल्या.
तिसऱ्या रकान्याला नाव सुचेना.
त्यात तेरा.
मशीन सगळं लक्षात ठेवतं :
आधी काय निवडलं, मग काय.
तेरा वेळा मी बरोबर होते.
मग परत गेले आणि बदललं.

दोन हजार सोळामध्ये पुण्याच्या एका फॉर्मवर
माझी सही होती. आई म्हणाली, नक्की ना?
एवढंच म्हणाली.
ते या तक्त्यात धरायचं नसतं.
तेराचे चौदा केले.
मग खोडून पुन्हा तेरा केले,
आणि एकटीच हसले, उशीत तोंड घालून,
मारिसेल जागी होऊ नये म्हणून.

नियम लिहिला : बदलायचं असेल
तर कारण मोठ्यानं सांगता आलं पाहिजे.
पोटात गोळा आला, हे कारण नाही.

अकराला ती उठलीच. किती? म्हणाली.
मराठीतला तिला येणारा एकच शब्द.
मी कागद पुढे केला.
खाटेच्या पायथ्याचा तक्ता वाचावा तसा तिनं वाचला,
चुका नाही, आकडे नाही, तारखा.
ताप कधी चढतो ते बघ की, म्हणाली.
एक, चार, सात : तिन्ही गुरुवारी, ड्यूटीवरून आल्यावर.
नऊ आणि बारा : शनिवारी सकाळी.
सात आठवडे मी रकाने आखत होते
आणि तारखेचा रकाना आखलाच नव्हता.

मस्कतला वेळ कुठली घेतलीस?
संध्याकाळची. स्वस्त बस दुपारी पोचते म्हणून.
ती नुसती बघत राहिली.

चहाचं आधण ठेवलं. लॅपटॉप उघडला.
वेळेच्या चौकटीवर बोट ठेवून
मी कारण मोठ्यानं सांगितलं, मराठीत.
मारिसेलनं मान डोलावली.