रिकामा फोटो

सोमवारी, साक्रीच्या ओपीडीची खिडकी उघडायच्या आत,
मी स्टँडसमोर कुणालाच उभं करत नाही.
ट्यूबच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमची चकती लावतो,
काचेआड जातो
आणि सवयीनं म्हणतोच, श्वास रोखा.

पडद्यावर राखाडी.
कळण्याच्या पिठासारखी बारीक खर,
तेवढी चालते.
मग शिशाच्या पट्टीवरच्या रेघा:
तिसऱ्या जोडीपर्यंत सुट्या, पुढे गिचमीड.
मागच्या वर्षी चौथीही सुटी दिसायची.
यंत्र थकलं की माझे डोळे,
असा रकाना वहीत नाही.

आज त्या राखाडीत
डावीकडे, वरून चार बोटांवर
पांढरा ठिपका.
कुणाच्याच नसलेल्या छातीत.

कासाऱ्याची इमलबाई देसले
तीनदा आली होती या ठिपक्यापायी.
थुंकी दिली, धुळ्याला जाऊन आली,
आपलं ताट-तांब्या आपणच वेगळं काढलं.
"भाऊ, मन्हा छातीमा काय शे?"
मी म्हणालो होतो, डॉक्टर सांगतील.

इंजिनिअर फोनवर म्हणतो, सोपं आहे,
मेलेला बिंदू वगळा,
शेजारच्या आठांची सरासरी तिथे भरा.
भरली.
तिथे कुणी मेलं होतं
असं आता वाटतही नाही.

वहीत लिहिलं: दोष एक, दुरुस्त.
मग जुन्या रजिस्टरातून नंबर काढला.
सुनेनं उचलला.
त्या घरात नाही झोपत आता, म्हणाली,
गोठ्यात असतात.
थांबा, हाक मारते.